यान ओपांची बोट

ज्या घरातला एक माणूस जन्मभर बोटीवर असतो, त्या घरात किस्से साठत जातात. घरच्यांना ते पाठ झाले की मग शेजारी ऐकतात. हॉलंडमधल्या न्यूनेन गावात ते शेजारी म्हणजे आम्ही.

पलीकडच्या ट्रूस आजी ऐंशीच्या पुढच्या. शनिवारी सकाळी कॉफीला बोलावतात. बिस्कीट एकच मिळतं, किस्से मात्र पोटभर. सगळे त्यांच्या आजोबांचे, यान ओपांचे; डचमध्ये ओपा म्हणजे आजोबा. शंभरेक वर्षांपूर्वी ते डच नौदलात ऑफिसर होते.

*

यान ओपा इथल्याच शेतकऱ्याचा मुलगा, समुद्र कधी पाहिलेला नाही. भरतीच्या इंटरव्ह्यूत विचारलं, पोहता येतं का? ते म्हणाले, "नाही. पण मला बोट चालवायचीय, तिच्यामागून पोहत जायचं नाहीये."

घेतलं त्यांना. पोहायला नंतर शिकवलं.

*

ऑफिसर झाले, पण त्यांना बोट लागायची. नोकरी जाईल म्हणून कुणाला कळू देत नसत. पोटात ढवळलं की गुपचूप डेकच्या मागच्या टोकाला जायचे. एकदा कठड्यावरून वाकले, तर शेजारी अजून कुणीतरी वाकलेलं. बघतात तो कॅप्टन!

आता संपलंच, असं त्यांना वाटलं. कॅप्टननी तोंड पुसलं आणि शांतपणे सांगितलं, "ही बाजू माझी. उद्यापासून तुम्ही पलीकडे जा."

*

पहिल्या महायुद्धात हॉलंड तटस्थ होतं. यान ओपांच्या बोटीने एकदा समुद्रातून बुडणारे खलाशी वर काढले. काही इंग्रज, काही जर्मन. थंडीने कुडकुडत होते, तरी एकमेकांशेजारी बसेनात. आचारी वाटाण्याच्या सूपचं पातेलं घेऊन खोळंबला. आधी कुणाला वाढू, म्हणून विचारायला आला.

"इथे दोनच पक्ष आहेत," यान ओपा म्हणाले. "ओले आणि कोरडे. ओल्यांना आधी वाढ."

सूप संपेपर्यंत सगळे एकाच बाकावर दाटीवाटीने बसले होते.

*

ट्रूस आजींचे वडील जन्मले तेव्हाही ओपा समुद्रावरच. वायरलेसवाला हवामानाचा संदेश घेऊन आला: वारा पश्चिमेचा, समुद्र शांत, मुलगा झाला. ओपांनी तो दोनदा वाचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हवामान उत्तम आहे."

*

ओपांची बायको दर वेळी धक्क्यावर सोडायला यायची. बोट दिसेनाशी होईपर्यंत हात वर करून उभी राहायची. इतक्या वर्षांत ती एकदाही बोटीवर चढली नव्हती.

निवृत्तीच्या दिवशी ओपांनी तिला बोटीवर चढवलं आणि स्वतः खाली उतरले. दुय्यम ऑफिसरला सांगितलं, बाईंना बंदराबाहेर एक चक्कर मारून आणा. बोट निघाली. ओपा धक्क्यावर एकटेच, पूर्ण गणवेशात, हात वर करून उभे. बोट लांब गेली, वळली, परत आली, तरी हात खाली नाही.

ती शिडीवरून उतरली. त्यांच्यासमोर येऊन थांबली. मग विचारलं, "दुखला का हात?"