रुक्मिणी सिस्टरांचा शेरा

आमच्या मनोरुग्णालयात रुक्मिणी सिस्टरांना सव्वीस वर्षे झाली, मला एकतीस. मी बी.कॉम. होऊन नोंदणी विभागात लागलो, आता येत्या मार्चअखेर निवृत्त होईन. सिस्टर मूळच्या कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीच्या. मराठी आणि कानडी एकाच दमात बोलतात, आणि वॉर्डात शिरल्या की आधी पेशंटच्या चेहऱ्याकडे बघतात, मग केसपेपरकडे. केसपेपर आधी बघावा, असं मी त्यांना पुष्कळ वर्षे सांगत आलो.

तीन वर्षांपूर्वी वॉर्डात टॅब आले. टॅब रोज सकाळी पेशंटला विचारतो, कसं वाटतंय, झोप लागली का, जेवण गेलं का. उत्तरातले शब्द आणि आवाज तपासून त्यातली कृत्रिम बुद्धिमत्ता त्या दिवसाला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देते. बाकीच्या नर्स बावरल्या. सिस्टरांनी चार दिवसांत सगळं शिकून घेतलं आणि इतरांना शिकवलं. या वयात कशाला त्रास, असं मी म्हणालो.

"तुमच्याच वयाची हाय की मी, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या.

सलग सात हिरवे आले की डिस्चार्जचा कागद डॉक्टरांच्या सहीसाठी तयार करायचा, हा क्रम मीच लावून दिला होता. इकडच्या बोलीत बरं वाटण्याला काय म्हणतात, असं टॅबच्या कंपनीने विचारलं तेव्हा 'बरं हाय', 'झकास', 'आराम' अशी यादीही मीच पाठवली होती.

गेल्या वर्षी जानेवारीत चनबसप्पा दाखल झाले. अक्कलकोट तालुक्यातले, साठीचे. बायको गेल्यापासून त्यांनी खाणं आणि बोलणं टाकलं होतं. महिन्याभरात जेवायला लागले. टॅबने काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "आराम." सात हिरवे आले. मी कागद तयार केला आणि त्यांचा मुलगा संगमेश सकाळीच गाडी घेऊन हजर झाला.

सिस्टर माझ्या टेबलाशी आल्या आणि कागदावर हात ठेवून म्हणाल्या, हा सहीला पाठवू नका. मी त्यांना सात हिरवे दाखवले.

"चार दिवस झाले, त्यांनी विभूती लावलेली न्हाय," त्या म्हणाल्या. "लिंगायत माणूस. घास गिळत नव्हता तेव्हासुद्धा विभूती चुकली न्हाय. आता जेवतोय आणि कपाळ कोरडं."

टॅबला तर रोज आराम म्हणतात, मी म्हटलं.

"आमच्याकडं घरात माणूस गेलेलं असलं तरी पाहुण्याला आरामच म्हणतात, भाऊसाहेब. ती रीत हाय. त्यावरनं काय कळणार?"

मला माझी यादी आठवली. मी कागद फाइलीत परत ठेवला.

संगमेश चिडला. मशीन बरे झाले म्हणतंय आणि नर्सबाई कपाळ बघून अडवतात, असं त्याने डॉक्टर मॅडमना ऐकवलं. मॅडमचाही कल सोडण्याकडेच होता. सिस्टरांनी एक तास मागून घेतला.

त्या तासात त्यांनी टॅबही उघडला. चार दिवसांपासून चनबसप्पांच्या आवाजाच्या आलेखाची रेघ एकदम संथ झाली होती. विभूती बंद झाली तोच दिवस. मग त्या खाटेशी स्टूल घेऊन बसल्या आणि विभूतीची डबी कुठे आहे, असं कानडीत विचारलं. डबी त्यांनी शेजारच्या पेशंटला देऊन टाकली होती. घड्याळही, शालही. बऱ्याच वेळाने चनबसप्पा रडले. घरी गेल्यावर आपण जगायचं नाही असं ठरवलंय, आणि ठरवल्यापासून डोकं शांत आहे, असं त्यांनी सांगितलं. तो शांत आवाज मशीनला हिरवा वाटला होता.

सिस्टरांनी टॅबवर शेरा लिहिला: 'रंग हिरवा. माणूस बरा नाही. सोडू नये.' एकतीस वर्षांत मी हजारो शेरे फाइलीत लावले, इतका नेमका दुसरा पाहिला नाही. मॅडमनी डिस्चार्ज रद्द केला. संगमेश वडिलांच्या पायाशी जाऊन बसला.

चनबसप्पा आणखी सात आठवडे राहिले. मी कंपनीला लिहून 'आराम' हा शब्द यादीतून काढवला. टॅब आता कानडीतही विचारतो, आणि नर्सचा शेरा आल्याशिवाय रंग पक्का होत नाही. त्यासाठी पुण्याहून आलेल्या इंजिनिअरांना सिस्टरांनी दोन दिवस वॉर्डात आपल्याबरोबर फिरवलं. ते वहीत लिहून घेत होते. मी मुद्दाम दारात उभा राहून पाहिलं.

गेल्या सोमवारी चनबसप्पा संगमेशबरोबर तपासणीला आले. टॅबने कानडीत विचारलं. या वेळी ते आराम म्हणाले नाहीत. झोप मध्येच मोडते, संध्याकाळी घर खायला उठतं, असं बराच वेळ सांगत राहिले. टॅबने पिवळा रंग दिला. संगमेशचा चेहरा उतरला. सिस्टरांनी मात्र टॅब माझ्यापुढे धरला.

"बघा भाऊसाहेब, पिवळा. खरं बोलला माणूस."

मी तो कागद छापून फाइलीत लावला. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: 'विभूती आहे.'