चिकाचं फडकं

सूर्यमाळची मावशी कुणालाच नावानं हाक मारत नसे. जव्हारच्या दवाखान्यात ती आया होती आणि आम्ही सगळ्या बाळंतिणी तिच्यासाठी खाटेचे नंबर. मी आमच्या घरातली पहिली बी.ए.; तिथं मात्र नुसती सात नंबर.

सिझरचा दुसरा दिवस होता. खोकलं तरी टाके ओढत. पोरगी रडायची आणि मी तिच्याकडे बघत पडून राहायची. उचलायचं त्राण नव्हतं. खरं सांगते, इच्छाही नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "पहिलं दूध बाधतं. त्यात तुला एवढी इंजेक्शनं. पिळून टाक, मी डब्याचं आणते." एवढी शिकलेली मी, पण मलाही ते पटलं. फडक्यात पिळलं.

मावशी फरशी पुसत होती. ते पिवळं फडकं बघून सासूबाईंना म्हणाली, "गाय व्याली का चिकाचा काय करता?"

"खरवस. शेजारीपण देतो."

"मंग हिचाच चीक इखारी कसा?"

सासूबाई फडकं गुंडाळायला लागल्या. मीच चिडून म्हणाले, "मावशी, मी बी.ए. झालेय. मला कळतं."

"झाली असशील. पोरीला ठावं नाय ना. ती भुकेली हाय."

तिनं हात धुतले, गोधडीची घडी माझ्या टाक्यांवर ठेवली आणि पोरीला माझ्या काखेत सरकवलं, पाय पाठीकडे. "पोटावर नको घेऊ. बाजाराला कोंबडी नेतो तशी धर." पोरीनं ओढायला सुरुवात केली आणि पोटात अशी कळ आली की मी रडले. "रड," मावशी म्हणाली, "पण हालू नको."

पुढचे पाच दिवस ती दर पाळीला येऊन काखेतली पोर नीट करून जायची. मी थकलेली, तीही थकलेली. बोलणं फारसं नाहीच. घरी निघताना मी लुगडं पुढं केलं. तिनं ते खांद्यावर टाकलं, "सात रिकामी झाली गं!" असं कुणाला तरी ओरडून सांगितलं आणि चादर बदलायला लागली.

काही वर्षांनी ती गेल्याचं खोडाळ्याच्या बाजारात कळलं. त्याच साली धाकट्या जावेचं जव्हारलाच सिझर झालं. मी पोचले तेव्हा सासूबाई तिच्या टाक्यांवर गोधडीची घडी ठेवत होत्या. "काखेत धर. कोंबडी नेतो तशी."

"हे कुणी शिकवलं, आई?" जावेनं विचारलं.

"शिकवायचं काय त्यात? आमच्यात असंच करतात."

मी खाटेचा नंबर तेवढा बघून घेतला.