भिंतीवर वैशालीची सावली

मैत्रिणींनो, आज मला चक्क एका सावलीचा हेवा वाटला.

इथे कतारला मुशैरिब भागात वर्ल्डकपसाठी एक भिंत रंगवली आहे. जपानमध्ये म्हणे अशी कला आहे, माणूस काढायचाच नाही, नुसती त्याची सावली रंगवायची. गेल्या आठवड्यात तिथे बायकांना मोठ्या दिव्यासमोर उभं करून सावल्या गिरवून घेतल्या. माझा नंबर यायच्या आत तिन्हीसांजा झाल्या, मी देवाजवळ दिवा लावायला घरी पळाले. शेजारची वैशाली थांबली.

आज बघते तर भिंतीवर वैशाली! अंबाडा, सेलमधली पर्स, सगळं.

"ताई, मी जरा जाडच दिसते ना?" ती लाडात म्हणाली.

"आहेस तशीच दिसतेस," मी म्हटलं.

तिला कतारमध्ये येऊन वर्षही झालं नाही. आम्ही इथे नऊ वर्षं काढली. ह्यांचं स्टेडियमचं काम आता खलास, पुढच्या महिन्यात नाशिकला परत. आमचं इथे काहीच उरणार नाही, आणि ही भिंतीवर राहणार.

वैशाली पाणी आणायला गेली, तशी मी उन्हाकडे पाठ करून उभी राहिले. माझी सावली बरोब्बर तिच्या सावलीवर पडली. ती परत येईपर्यंत मी हलले नाही.

देवाची क्षमा मागून झाली आहे. पण खरं सांगा, तुम्ही लगेच बाजूला झाला असतात का?