अंगठा

बाळांनो, समोरच्या गॅलरीत मेघना तिच्या तीन महिन्यांच्या मुलीला थोपटत उभी असते. हल्ली मी दिसले की ती आत जाते.

मागच्या आठवड्यात तिने सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं होतं, "पहिल्या लसीनंतर बाळाला दोन दिवस ताप होता. पुढची देणं सुरक्षित आहे ना?" लगेच कुणीतरी लिहिलं, "शिकलेल्या आयांची ही तऱ्हा! गूगल डॉक्टर!" मी त्याखाली अंगठा टेकवला. लस द्यायलाच हवी, असं मी मानते. माझी धाकटी बहीण घटसर्पाने गेली. पण मेघना कुठे नाही म्हणाली होती? तिने फक्त विचारलं होतं. पाच मिनिटांत ती ग्रुप सोडून गेली.

तुमच्या बाबाच्या वेळी हाच प्रश्न मी आमच्या डॉक्टरांना विचारला होता. "घाबरलात ना? साहजिक आहे," म्हणत त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि ताप का येतो ते समजावलं. फोनवर खुर्ची कशी ओढणार, असं मी मनाशी म्हणते. पण दोन ओळी लिहिता आल्या असत्या.

काल भाजीच्या गाडीपाशी मी विचारलं, "लस झाली का गं?"

"नाही, आजी. आता कुणाला विचारायचीच भीती वाटते." निवडलेली भेंडी तशीच टाकून ती निघून गेली.

घरी येऊन मी तो अंगठा काढून टाकला. ते पाहायला ती आता ग्रुपवर नाही. समोरच्या गॅलरीत दोरीवर नुसती झबली वाळताहेत.