दानेश्वरीनं काढून ठेवलेला कागद

शिवाजी पेठेत आमच्या समोरच्या घरात दानेश्वरी पट्टणशेट्टी राहते. वय एक्केचाळीस. घरात ती आणि आई. आईला ती अव्वा म्हणते आणि दोघींचं निम्मं बोलणं कन्नडमधून चालतं. शिरोलीच्या एमआयडीसीत पंपाचे बिडाचे भाग ओतणारा एक कारखाना आहे. तिथले कॉम्प्युटर तिनं अकरा वर्षं सांभाळले. मालक शंकरप्पा मूळचे कोडोलीचे, मोजकं बोलणारे. त्यांचा मुलगा राजवीर बाहेरून शिकून आला आणि ऑफिस बघायला लागला.

त्या अकरा वर्षांतली निम्मी तरी दानेश्वरीनं लोकांच्या मेलची सेटिंग भरण्यात घालवली असतील. नवा कॉम्प्युटर आला, कुणी फोन बदलला की हिनं जायचं, सर्व्हरचं नाव, पोर्टचे आकडे सगळं हातानं टाकायचं. मग तिनं स्वतः वाचून, चुकत चुकत एक गोष्ट शिकून घेतली. कंपनीच्या नावाचा इंटरनेटवर जो पत्ता असतो, त्याच्या नोंदी एका ठिकाणी ठेवलेल्या असतात. त्यांना डीएनएस म्हणतात. तिथं ऑटोडिस्कव्हर, ऑटोकॉन्फिग अशा नावांच्या चार ओळी नीट घातल्या, की मेलचं अ‍ॅप त्या ओळींनाच विचारतं, 'या लोकांचं टपाल कुठल्या सर्व्हरवर असतं?' उत्तर मिळतं आणि बाकीचं सगळं ते आपलं आपण भरतं. माणसानं फक्त स्वतःचा मेल आणि पासवर्ड टाकायचा. ज्या दिवशी डिस्पॅचच्या पिराजीमामांनी कुणाला न विचारता आपला मेल आपण बसवला, त्या दिवशी ती इतकी खूश होती की येताना पेढे घेऊन आली.

पुढच्या खंडेनवमीला मशिनींची पूजा झाली, सगळे कामगार जमले होते. राजवीर बोलायला उभा राहिला. कारखान्यात नवीन काय काय केलं ते सांगता सांगता म्हणाला, की मेल आता आपोआप बसतो, ती सिस्टीम मी केली. आणि हसत हसत पुढं म्हणाला, "मग आता दानेश्वरीताईंनी घरी बसायला हरकत न्हाय."

लोक हसले. दानेश्वरीच्या हातात प्रसादाचं ताट होतं. ते तिनं शेवटच्या माणसापर्यंत फिरवलं. तिला वाटलं चेष्टा असेल. दिवाळी झाल्यावर कामावरून कमी केल्याचं पत्र हातात पडलं.

जाताना तिनं कामाचे पाच कागद लिहून दिले. कुठला पासवर्ड कशाचा, कुठली वायर कुठं, सगळं. सहावा कागद त्या चार ओळींचा होता. सर्व्हर बदलला तर आधी या ओळी बदला, असं त्यावर ठळक लिहिलेलं होतं. तो तिनं काढून पर्समध्ये ठेवला. "कुणी मागितला असता तर दिला असता," ती मला म्हणाली. "पण मागणार कोण? ज्यानं ते केलं म्हणून सांगितलं, तो मला कुठल्या तोंडानं विचारणार?"

कामावरून गेल्यावर ती थांबून राहिली. पेठेतल्या दुकानदारांचे मेल, वेबसाइट अशी कामं घरून करायची आणि वाट बघायची. शिरोलीकडची बस दिसली तरी तिच्या कपाळावर आठी यायची. अव्वा म्हणायची, सोड की तो विषय. ती सोडत नव्हती. सर्व्हर कधीतरी बदलणार हे तिला पक्कं माहीत होतं.

चौदा महिन्यांनी कारखान्यानं मेल नव्या सर्व्हरवर हलवला. काम बाहेरच्या एका कंपनीनं केलं. आपोआप सेटिंगच्या नोंदींचं काय करायचं, असं त्यांनी राजवीरला विचारलं. सिस्टीम आपली नाही, हे आता कबूल कसं करणार? ते मी बघितलंय, असं त्यानं सांगून टाकलं. सोमवारी सगळ्यांनी जुना मेल काढून नव्यानं बसवला. चार ओळींनी सगळ्यांना इमानदारीनं जुन्याच सर्व्हरवर नेऊन सोडलं.

जुना सर्व्हर महिनाअखेरपर्यंत चालू राहणार होता आणि पासवर्डही तेच होते. त्यामुळं कुठंच काही अडलं नाही. जुने मेल दिसत होते, ऑफिसातले एकमेकांचे मेल येत होते, बाहेर पाठवलेले पोचतही होते. फक्त बाहेरून येणारं सगळं टपाल नव्या सर्व्हरवर जाऊन पडत होतं आणि तिथं बघायला कुणी नव्हतं. राजवीरचा फोन त्या कंपनीच्या माणसानं हातानं बसवून दिला होता, त्यामुळं त्याला कसलाच संशय आला नाही.

बुधवारी पिराजीमामांनी दानेश्वरीला फोन केला. बाहेरचा एकही मेल येईना झालाय, म्हणाले. तिनं घरच्या कॉम्प्युटरवर त्या ओळी तपासल्या. सर्व्हरचं जुनंच नाव. काय झालंय ते तिला त्याच क्षणी कळलं. "अंगातनं असं काही गार गेलं म्हणून सांगू," ती म्हणाली. "चौदा महिने पोटात जळत होतं, ते पहिल्यांदा थांबलं."

पिराजीमामांना तिनं एवढंच सांगितलं, "राजवीरना विचारा मामा. सिस्टीम त्यांनी केलीया."

मामांनी विचारलं. राजवीरनं स्वतःचा फोन बघितला आणि सगळं ठीक आहे म्हणून त्यांना परत पाठवलं.

त्याच आठवड्यात कोइमतूरच्या गिऱ्हाइकाचा मेल आला होता, की भोकाचं माप बदललंय, माल थांबवा. तो मामांना दिसलाच नाही. शुक्रवारी जुन्या मापाचा माल भरून ट्रक गेला. थांबवायला सांगितलेला माल निघाला कसा, म्हणून शनिवारी गिऱ्हाइकाचा फोन आला. राजवीरनं नव्या सर्व्हरवर मामांचा मेल उघडला. पत्र तिथं पडलेलं, न वाचलेलं. कारखान्याच्या दारात, पाळी सुटायच्या वेळेला, त्यानं मामांना सगळ्यांसमोर झोपाळू म्हटलं आणि सोमवारपासून गेटवर बसायला सांगितलं. सव्वीस वर्षं डिस्पॅच सांभाळलेला माणूस.

संध्याकाळी मामांच्या बायकोनं, आक्कांनी, दानेश्वरीला फोन करून हे सांगितलं. मामा जेवले नव्हते.

सोमवारी सकाळी ती शिरोलीला गेली. शंकरप्पांना म्हणाली, मामांचा कॉम्प्युटर उघडा आणि सगळ्या ऑफिसला बोलवा. शंकरप्पांनी बोलावलं. तिनं मामांचा मेल त्या कॉम्प्युटरवरून काढून टाकला आणि राजवीरकडं वळली.

"सिस्टीम तुमची हाय ना? मग मामांचा मेल कुठल्या सर्व्हरवर जातोय, तेवढं दाखवा."

राजवीर खुर्चीत बसला. इकडं तिकडं माऊस फिरवला. कान लाल झाले. दानेश्वरी हात बांधून उभी होती. एक शब्द बोलली असती तर तो सुटला असता. शेवटी तो उठला आणि म्हणाला, मला माहीत नाही.

"कुणी केलं होतं हे?" शंकरप्पांनी विचारलं.

"यांनी," राजवीर म्हणाला.

मग तिनं त्या चार ओळी बदलल्या. थोडा वेळ थांबून मामांचा मेल नव्यानं बसवला, तसं आठवड्याभराचं टपाल धडाधड खाली उतरलं. सगळ्यांनी ते बघितलं.

शंकरप्पा सगळ्यांसमोरच म्हणाले, "तुला हे आधीच म्हाईत हुतं?"

ती नाही म्हणू शकली असती. "व्हय," ती म्हणाली. "कागद लिहिलाता. मीच काढून ठेवला. आणि काय झालंय ते बुधवारीच कळलंतं."

पिराजीमामांनी तिच्याकडं बघितलं. बुधवारी फोन त्यांनीच केला होता.

शंकरप्पांनी मामांना तिथल्या तिथं डिस्पॅचला परत घेतलं. राजवीरला ऑफिसातनं काढून भट्टीकडं लावलं. तो अजून तिथंच आहे. दानेश्वरीला त्यांनी गेटपर्यंत सोडलं आणि पुन्हा येऊ नकोस म्हणाले, रागानं नाही.

मामांनी तिचा फोन त्या दिवसापासून उचललेला नाही. ती दोनदा त्यांच्या घरी जाऊन आली. आक्कांनी चहा दिला, मामा आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत.

मी तिला विचारलं, पस्तावा होतो का? ती एका दुकानदाराचा मेल बसवत होती, बोटं थांबली नाहीत.

"मामांचा होतो," ती म्हणाली. "राजवीरचा न्हाय. तो त्या खुर्चीत बसलेला अजून आठवतो मला, आणि आठवला की बरं वाटतं."