वाजवण्याआधीचा सत्कार

माझी भाची उत्कर्षा पुण्याच्या एका संगीत महाविद्यालयात बेस गिटार शिकते. हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे पुढं काय करणार ती?" मला त्याचं उत्तर देता येत नाही आणि आता द्यावंसंही वाटत नाही.

बेस गिटारला चार जाड तारा असतात. तिचा आवाज गाण्याच्या तळाशी असतो. आहे असं जाणवत नाही, पण काढून घेतला की गाणं पोकळ लागतं. मला हे तिनंच दाखवलं. बारावीला ती बारामतीत माझ्याकडे राहायला होती. तिन्हीसांजेला दिवा लावून मी अभंग म्हणायला बसले की ती शेजारी बसून गिटारवर हलकेच साथ धरायची. माझी चाल सुटली की टोकायची नाही, नुसती थांबायची. माझं मलाच कळायचं.

तिचा बाप म्हणजे माझा थोरला भाऊ, रमाकांतदादा. शेळगावच्या पुढं वस्तीवर त्याचा ऊस आहे. बारावीनंतर गिटार पहिल्यांदा वस्तीवर आली तेव्हा यशोदावहिनी म्हणाली, "चारच तारा? दुकानदारानं दोन ठेवून घेतल्या व्हय?" दादा हसला नाही. पुण्याला एक वर्ष शिक, मग बघू, एवढंच म्हणाला.

ते वर्ष पोरीनं ठेका सांभाळायला शिकण्यात घालवलं. टिकटिक करणारं यंत्र लावायचं आणि त्याच्याबरोबर एकच सूर तासभर वाजवायचा. बोटांना फोड आले, ते फुटून घट्टे पडले. ड्रम वाजवणाऱ्याकडे कान ठेवायचा, गाणाऱ्याच्या पुढं पळायचं नाही. कॉलेजातले सर म्हणायचे, लोक तुझ्याकडे बघायला लागले तर समज, कुठंतरी चुकतेयस.

वर्ष संपलं तसं दादानं अट घातली. "यात्रंत देवापुढं वाजव. गाव काय म्हणतंय ते बघू. न्हाय पटलं तर इंदापुरात बी.कॉम.ला नाव घालायचं."

पोरगी कामाला लागली. गावच्या भजनी मंडळातले म्हस्कूआबा पेटी वाजवतात. त्यांना जाऊन पाया पडली आणि भैरोबाची दोन भजनं बसवायची म्हणाली. आबा आधी कुरकुरले, "ह्या धुडाचं भजनात काय काम?" चार दिवसांनी मी गेले तर म्हातारा डोळे मिटून वाजवत होता. मला म्हणाले, "ही खालनं हात लावल्यावानी करती बघ. चढ सोपा जातूय."

यात्रेच्या संध्याकाळी मी बारामतीहून मुद्दाम गेले. आधी देवळात जाऊन आले. स्टेज देवळासमोरच घातलं होतं आणि त्यावरच्या मानाच्या खुर्च्यांची पाठ बरोबर भैरोबाकडे. खुर्च्यांवरचे सगळे पायताण घालून बसलेले. मला तिथंच शिसारी आली, पण म्हटलं, पोरीसाठी आलेय, गप बसावं.

मग सत्कार सुरू झाले. आधी गावचे पुढारी आप्पासाहेब यांचा, कारण मांडव त्यांच्याकडून होता. आप्पासाहेबांच्या हस्ते यात्रा कमिटीचा. कमिटीच्या हस्ते आप्पासाहेबांच्या मेव्हण्यांचा. कुस्त्यांचे पंच, जनरेटरवाले, कुठल्याशा पतसंस्थेचे माजी कुणीतरी. प्रत्येकाला फेटा, शाल, नारळ, आणि प्रत्येक वेळी फोटोवाल्याकडे बघत नारळ तसाच धरून उभं राहायचं. एकच शाल तीन वेळा फिरलेली मी या डोळ्यांनी पाहिली. देवाचं नाव माईकवरून एकदा घेतलं, तेही वर्गणीसाठी.

उत्कर्षा कडेला गिटार गळ्यात अडकवून उभी होती. मागं म्हस्कूआबा पेटीवर हात ठेवून बसलेले. माईकवाले मास्तर ओरडले, "आता आपल्या गावची कन्या, आंतरराष्ट्रीय गिटारवादक!" टाळ्या पडल्या. आप्पासाहेब उठले, पोरीच्या डोक्यावर फेटा ठेवला, तो तिच्या डोळ्यांवर उतरला. शाल, नारळ, ट्रॉफी. हातात मावेना तेव्हा नारळ काखेत धरला तिनं. फोटो झाला. मोबाइल पुढं करून आणखी पन्नास जणांनी काढला.

आणि मास्तर म्हणाले, "आभार मानून कार्यक्रम संपला असं जाहीर करतो. महाप्रसाद घेऊन जावा. त्यानंतर लगेच ऑर्केस्ट्रा आहे."

लोक उठले. आमच्याकडे सत्कार झाला की काम झालं, ही रीतच पडलीय. रस्ता होण्याआधी रस्त्याचा सत्कार होतो, निकालाआधी पास झालेल्याचा. पोरीनं फेटा वर सारला आणि माईकपाशी गेली. "मी अजून वाजवलं न्हाय," म्हणाली. तोवर आवाजवाल्यानं तिची वायर उपसून ऑर्केस्ट्रावाल्याच्या हातात दिली होती. मास्तर म्हणाले, "वेळ कुठं हाय ताई? झालं की तुमचं."

म्हस्कूआबांनी पेटीचा भाता बंद केला. जाताना पचकन थुंकले.

दादा त्या वेळी देवळामागं पंगत वाढत होता. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याला जो तो सांगायला लागला, "रमाकांतराव, पोरगीनं काय वाजवलं, लई भारी." आप्पासाहेबांचा स्वतःहून फोन आला, पोरीला पुढं शिकवा म्हणून. दादा फुगून घरात आला. "जा गं, दुसरं वर्ष कर. गावानं पसंत केलंय."

उत्कर्षा भाकरी खात होती. ती बापाला म्हणाली, "आण्णा, तुमी ऐकलं का?"

"गावानं ऐकलं की."

"काय ऐकलं? मी वाजवलंच न्हाय."

दादानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "खरं हाय. वाजवू दिलं न्हाय तिला."

तो ताटावर बसला, भाकरी मोडली आणि म्हणाला, "बरं, आता हे भाईर कुणाला बोलू नका. आप्पासाहेबांचा शब्द खोटा पडंल."

इतका वेळ गावाची किळस येत होती, ती आता सख्ख्या भावाची आली. खोट्यावर का होईना, पोरीचं काम होतंय, मग तोंड कशाला उघडायचं, असंही मन म्हणत होतं. पोरगी मात्र शांतपणे म्हणाली, "मी कुणाला सांगत न्हाय. पर तुमी बी मी भारी वाजवते म्हणून सांगू नका. तुमाला ठाऊक न्हाय ते."

"मग पुण्याला जायचं का न्हाय?"

"जायचंय. ऐकून पाठवलं असतं तर बरं वाटलं असतं."

दादा ताटावरनं उठला.

दोन दिवसांनी ती निघाली. मी बारामतीपर्यंत बरोबर होते. दादा तिची बॅग घेऊन फाट्यावर एसटीला सोडायला आला. पानटपरीजवळ कमिटीतलाच एक गडी बसला होता. तो म्हणाला, "काय रमाकांतराव, पोरगीनं नाव काढलं. लई भारी वाजवलं."

पोरीनं रस्त्याकडे तोंड केलं. दादानं बॅग खाली ठेवली. "मी अजून ऐकलं न्हाय," तो म्हणाला. "तुमी ऐकलं का?"

"ऐकायचं काय त्यात?" गडी पिंक टाकून म्हणाला. "फोटो बघितला की."