पाटीवरची कोरी जागा

चादरीची दोन टोकं माझ्या हातात, दोन भाऊजींच्या. पहिली घडी पडायच्या आत दारात दातवाली डॉक्टरीण उभी राहिली. तिचा चेहरा बघून भाऊजींनी हात सोडले आणि अर्धी चादर जमिनीवर लोळली.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. चाळीस वर्षं पाट्या रंगवतात. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतात. कोरी जागा त्यांना बघवत नाही. स्वयंपाकघरात मिठाच्या डब्यावर 'मीठ' लिहून जागा उरली, तर खाली 'अस्सल खारट' लिहून ठेवलं. देवघराच्या चौकटीवर काही लिहायला मात्र मी अजून हात लावू दिलेला नाही.

डॉक्टरिणीचा दवाखाना समोरच्या इमारतीत, तळमजल्यावर. उघडून तीन महिने झाले. पाटी अर्थातच भाऊजींची.

"काका, दंत परिषदेची नोटीस आलीय," ती म्हणाली. "उद्या संध्याकाळपर्यंत पाटी बदलून फोटो पाठवायचा. नाहीतर माझी नोंदणी स्थगित. म्हणजे दवाखान्याला कुलूप."

"पाटीत काय खोट आहे? रंगाचा एक ओघळ दाखव, मिशी उतरवतो."

"तुम्ही 'हिरडीतज्ज्ञ' लिहिलंय ना!"

"मग? हिरड्या बघत नाहीस?"

"बघते. पण तज्ज्ञ म्हणवून घ्यायला वरची पदवी लागते, तिची वेगळी नोंद लागते. मी साधी दंतवैद्य आहे हो."

झालं होतं असं. तिनं दिलेल्या कागदावर नाव, दंतवैद्य आणि वेळ एवढंच होतं. खालची ओळ कोरी ठेवा, नोंदणी क्रमांक मागून सांगते, असं तिनं बजावलं होतं. भाऊजींना कोरी ओळ सांगणं म्हणजे मांजरापुढे दूध ठेवून निजणं. त्यांनी पदरचा एक शब्द घातला. पोरीनं पाहिला तेव्हा ती "काका, हे नको" म्हणालीही होती. "राहू दे गं, फुकट आहे," भाऊजी म्हणाले. तिनंही भिडेपोटी राहू दिलं.

आता भाऊजींनी काय करावं? माझी धुतलेली चादर उचलली, शिडी लावली आणि सगळी पाटी झाकून टाकली. गाल धरून आलेले एक आजोबा वर बघून हळूच विचारते झाले, "कोण गेलं हो?"

"कोणी नाही गेलं, आजोबा, बसा आत," म्हणून डॉक्टरीण त्यांना खुर्चीत बसवून आली. "काका, झाकून नाही चालत."

"बरं, 'तज्ज्ञ' पुसतो. तिथे 'वेदनारहित' लिहू?"

"असा दावा करता येत नाही."

"'सुप्रसिद्ध'?"

"तेही नाही."

"निदान दोन दात काढतो. आधीचा पिवळा, नंतरचा पांढरा."

"काका, आधी-नंतर तर मुळीच नाही!"

"मग तुमच्या परिषदेला पाटी हवी की मौनव्रत? आणि चहाडी केली कुणी?"

"मागच्या गल्लीतल्या हिरड्यांच्या डॉक्टरांनी."

"जळतात तुझ्यावर!"

"जळत नाहीत. त्या माझ्यापेक्षा तीन वर्षं जास्त शिकल्यात. उद्या तुमच्या शब्दावर विसंबून कुणी माझ्याकडे आलं आणि माझ्या हातून त्याचे दात गेले, तर?"

भाऊजी शिडीच्या पायरीवरच बसले. मी मनात देवाचं नाव घेतलं आणि विचारलं, "भाऊजी, तुमच्या उस्तादांनी तुम्हाला अक्षर काढायला कधी दिलं?"

"शिकायला लागल्यावर सहाव्या वर्षी. तोवर ब्रश धुतले आणि पाट्या घासल्या."

"आणि दुसऱ्याच वर्षी तुम्ही स्वतःला पेंटर म्हणवलं असतंत तर?"

"कान उपटला असता त्यांनी." मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही नको तिथे नको ते विचारता."

पण उठले. चादर काढली. तिच्यावर शिडीच्या ओल्या रंगाचा निळा डाग पडलाय, तो जाणार नाही. शब्दावर पांढऱ्या रंगाचा हात मारला, वाळू दिला, दुसरा मारला. मग जिभेचं टोक बाहेर काढून नोंदणी क्रमांक लिहिला. ओळ काठोकाठ भरली, टिंब द्यायलाही जागा उरली नाही. भाऊजी त्यावर थोडे खट्टूच झाले. डॉक्टरिणीनं फोटो काढला.

फोटोबरोबर एक कागद भरून द्यायचा होता: 'हा शब्द माझ्या नावापुढे अन्य कोठेही लिहिलेला नाही.' ती सही करायला वाकली आणि भाऊजी खाकरले.

"थांब. सही करू नकोस."

"का?"

"बसथांब्याजवळची भिंत. तुझा रंग उरला होता. तुला न सांगता… म्हटलं, पोरीचं नवं दुकान आहे."

"काका! केवढं लिहिलंय?"

भाऊजींनी दोन्ही हात पसरले. मग ते पुरेनात म्हणून दवाखान्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत चालून दाखवलं.

डॉक्टरीण कपाळाला हात लावून आधी रडल्यासारखी झाली, मग जी हसत सुटली ती आतले आजोबा गाल धरून बाहेर येईतो. मीही हसले, आणि सहीच्या आधी भाऊजींना वाचा फुटली म्हणून देवाला हात जोडले. कागद बिनसहीचा माझ्या वहीत ठेवलाय. उद्या सकाळी भाऊजींना पांढऱ्या रंगाचा मोठा डबा आणि शिडी घेऊन बसथांब्याजवळची भिंत रंगवायला जायचंय.